हवेचे कुतूहल आणि आपले आरोग्य

दोन अनोळखी माणसे भेटली, की पहिले बोलणे बहुधा हवेविषयी होते. आपल्या बडोद्यात तर पावसाळ्यात आजव्याची पातळी किती आणि विश्वामित्री किती फुटांवर, हे शाळकरी मुलेही विचारतात. काळाघोडा पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेले होते. तेव्हा हे कुतूहल केवळ वेळ घालविण्यासाठी नसते. मग ते मुळात येते कोठून?

पहिले कारण आपल्या शरीरातच आहे. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्यासाठी मेंदूतील हायपोथॅलॅमस त्वचेकडून हवेची वार्ता अखंड घेत असतो. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, उष्म्यात घाम सुटतो. हवेची दखल घेणे ही मनाची हौस होण्यापूर्वी शरीराची गरज आहे. आयुर्वेदाने ऋतुचर्या सांगितली, तर हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील ग्रंथाने नव्या गावी आलेल्या वैद्याला तेथील ऋतू, वारे व पाणी प्रथम पाहावयास सांगितले.

दुसरे कारण अनिश्चिततेचे. ऋतूंचा क्रम ठरलेला असतो. उद्याचा दिवस मात्र ठरलेला नसतो. पूर्ण ठाऊक असलेल्या गोष्टीचे कुतूहल उरत नाही आणि पूर्ण अगम्य गोष्टीचा माणूस नाद सोडतो. हवामान या दोहोंच्या मधले आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले, की आरंभीचा अतिसूक्ष्म फरकही पुढे मोठा होत जातो. म्हणूनच सुमारे दोन आठवड्यांपलीकडे रोजच्या हवेचे नेमके भाकीत करणे जवळजवळ अशक्य ठरते.

माझ्याकडे येणारे पालकही 'हवा बदलली, म्हणून सर्दी झाली' असे सांगतात. सर्दी विषाणूंमुळे होते; परंतु त्यांचा फैलाव ऋतूनुसार कमीअधिक होत असल्याने या बोलण्यात तथ्यांश आहे. मात्र हवेवर ठपका ठेवून स्वस्थ बसल्यास बाळाचा जलद चाललेला श्वास किंवा दूध न ओढणे नजरेआड होते आणि उपचारास उशीर होतो.

कुतूहलाला कृतीची जोड कशी द्यावी, हे शेजारच्या अहमदाबादेने दाखविले. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अनेक बळी गेल्यावर तेथे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आला. अंदाज येताच नागरिकांना इशारा व रुग्णालयांना सूचना, हे त्याचे सूत्र.

घरातही हेच करता येईल. तान्ह्या बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने मोठ्यांहून अधिक असते, त्यामुळे उष्म्याचा परिणाम त्याच्यावर लवकर होतो. तीव्र उन्हाचा अंदाज ऐकताच बाळाला दुपारी बाहेर नेणे टाळावे, सैल सुती कपडे घालावेत. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी न देता अंगावर वारंवार पाजावे. बाळ मलूल झाले किंवा लघवी कमी झाली, तर ऊन उतरण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.