काळा कोट आणि कोल्हापूर

18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईवारी टळली. संस्थानकाळात कोल्हापूरला स्वतःचं हायकोर्ट होतं. 1 मार्च 1949 ला संस्थान विलीन झालं आणि तेही गेलं. पुढे खंडपीठाची मागणी वकिलांच्या दोन पिढ्यांनी लावून धरली. 2013 मध्ये तर त्यांनी कामकाजावर दीर्घ बहिष्कार टाकला.

इथल्या कायद्याच्या शिक्षणाचा लौकिकही जुना. साईक्स लॉ कॉलेज, म्हणजे आजचं शाहूपुरीतलं शहाजी लॉ कॉलेज. तिथे शिकलेले जमखंडीकडचे बी. डी. जत्ती म्हैसूरचे मुख्यमंत्री झाले आणि 1977 मध्ये हंगामी राष्ट्रपती.

पण माझ्या लेखी या परंपरेचं खरं मोल पदांत नाही. ते गोविंद पानसरे यांच्यासारख्या वकिलात आहे. नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचा हा गरीब घरचा मुलगा कोल्हापुरात आला, वर्तमानपत्रं विकली, नगरपालिकेत शिपाई झाला, शिक्षक झाला आणि 1964 पासून वकिली करू लागला. अशिलं कोण, तर कामगार आणि कष्टकरी. आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्यांच्या पाठीशीही ते उभे राहिले. ‘शिवाजी कोण होता?’ ही त्यांची छोटी पुस्तिका घराघरांत पोचली. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात ते ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील यांच्या खांद्याला खांदा लावून लढले. 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी फिरून परतताना घराजवळ त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. गुन्हा राजारामपुरी पोलीस ठाण्यात नोंदला गेला. 20 तारखेला पानसरेअण्णा गेले, उमाताई वाचल्या. शहराचा टोल रद्द झालेला पाहायला अण्णा नव्हते.

बेंच आलं, आता त्याच्या दारापर्यंत गरिबाला नेणारे वकील हवेत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. हे ठाऊक नसल्याने किती जणी खटला अर्ध्यावर सोडतात! राजारामपुरीच्या गल्ल्यांतून कॉलेजला जाणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनो, आपल्या गल्लीतल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींना एवढं सांगा: 15100 वर फोन करा, वकील मोफत मिळतो.