मोहाखालची पाल

भूशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८७० साली बोटभर लांबीच्या एका सडपातळ पालीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे नाव ‘हेमिडॅक्टायलस ग्रॅसिलिस’. नमुने आग्नेय वऱ्हाडातले आणि रायपूरजवळचे होते. आजचा गोंदिया जिल्हा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतो. ही घरातल्या पालीच्याच प्रजातीसमूहातली, पण भिंत चढण्याऐवजी जमिनीवर वावरणारी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बन्सल आणि प्रवीण कारंथ यांच्या २०१० सालच्या जनुकीय अभ्यासातून दिसले, की या समूहाची एक मोठी शाखा भारतीय उपखंडातच विस्तारली. जमिनीवर राहणाऱ्या पाली तिच्यातल्याच. दिवसा दगडाखाली वा पाल्यात दडायचे आणि रात्री वाळवी, कोळी, किडे टिपायचे, हा त्यांचा जीवनक्रम. म्हणून जंगल धड आहे की नाही, हे झाडांच्या शेंड्यांइतकेच त्याच्या तळावरूनही ठरवले पाहिजे, असे मला वाटते.

गोंदियात या तळावर संकट येते ते उन्हाळ्याच्या तोंडावर. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावतात. अशी आग पसरली की वणवा होतो. मोठी पाल बिळात शिरून वाचेलही. पण या कुळातल्या पाली एका वेळी साधारण दोनच अंडी घालतात, आणि पाल्यात किंवा सालीखाली असलेल्या अंड्यांना पळता येत नाही. वाचलेल्या पालीपुढे मग पावसाळ्यापर्यंत उघडी, तापलेली जमीन उरते. तिथे लपायला जागा नसते आणि भक्ष्यही विरळ होते.

यावर पहिला आक्षेप असा, की पानगळीच्या जंगलाला आग नवी नाही. ते खरे आहे. साग, तेंदू आगीनंतरही फुटतात. पण प्रश्न आगीच्या वारंवारतेचा आहे. अधूनमधून, तुकड्यातुकड्याने जळालेल्या जंगलात शेजारच्या पाल्यातून जीव परततात. दरवर्षी सलग जळणाऱ्या जंगलात परतायला कोणी उरत नाही. दुसरा आक्षेप : ही पाल दुर्मीळ नाही, मग चिंता कशाला? चिंता एका जातीची नाहीच. जो पाला तिला आसरा देतो, तोच माती झाकतो, ओल धरतो आणि कुजून झाडांना खत देतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : मोह आणि तेंदू हा गोंड, हलबा कुटुंबांचा उन्हाळ्यातला रोकडा आधार. तो हिरावून जंगल राखणे अन्यायाचे आणि अशक्यही. पण फुले वेचायला आग अटळ नाही. झाडाखाली जाळी अंथरता येते, पाला झाडून बाजूला सारता येतो. त्याला श्रम आणि खर्च लागतो. तो एकट्या वेचणाऱ्याच्या माथी मारू नये.

डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला; मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. हे प्रयत्न मोलाचेच आहेत. पण प्रकल्पाबाहेरच्या जंगलाचा तळ वाघांच्या गणनेत दिसत नाही. वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभांना सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला आहे. जाळ्यांसाठी सरकारने पैसा द्यावा, आणि यंदा किती जंगल न जळता राहिले याची नोंद ग्रामसभेने ठेवावी. वनसंरक्षणाच्या यशाचा तो आकडाही वाघांच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.