कवडसा, कागद आणि डिजिटल कॅमेरा

कौलारू घरात वाढलेल्या माणसाला सूचिछिद्राचे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. भर दुपारी कौलांच्या फटींतून सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडतात. फट वेडीवाकडी असते, कवडसा मात्र गोल! कारण तो फटीचा आकार नव्हे, ती साक्षात सूर्याची प्रतिमा होय. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. फट साडेतीन मीटर उंचीवर असेल, तर कवडसा सुमारे तीन सेंटीमीटरांचा भरतो. घराच्या जागी काळा डबा आणि जमिनीच्या जागी छायाचित्रणाचा कागद ठेवला, की पिनहोल कॅमेरा झाला. भिंग नाहीच.

एप्रिलचा शेवटचा रविवार २००१ पासून जगभर या छायाचित्रणाचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आम्ही पेण आणि नागोठणे यांच्या मधल्या कासूला गेलो होतो. एका स्नेह्याचे जुने घर पावसाळ्यापूर्वी उतरवायचे होते. घरातल्या आजी म्हणाल्या, "पोरं रोज शंभर फोटो काढतात. तुम्ही घराचा एकच काढा, पण राहील असा काढा."

आमच्याजवळ दोन साधने होती. एक पत्र्याचा डबा, दहा सेंटीमीटर खोल. आत चार बाय पाच इंची कागद, पुढे ०.४५ मिलिमीटरचे छिद्र. दुसरा डिजिटल कॅमेरा. भिंग काढून तोंडावरच्या झाकणात ०.३ मिलिमीटरचे छिद्र बसवलेला. छिद्र लहान केले की चित्र रेखीव होते, हे खरे. पण फार लहान केले तर प्रकाश कडांशी पसरतो आणि चित्र उलट धुरकट होते. डबा जितका खोल, तितके योग्य छिद्र थोडे मोठे, असा हिशेब आहे.

आता श्रोतेहो, डिजिटल कॅमेऱ्यात दोन कोटींहून अधिक बिंदू असतात, म्हणून त्याचे चित्र बारीक येईल असे वाटते. तसे होत नाही! छिद्रातून आलेला प्रत्येक ठिपका साधारण छिद्राएवढाच असतो. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पडद्यावर असे दहा हजारही ठिपके मावत नाहीत. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली कोडॅक कंपनीत पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याचेही बिंदू दहा हजारच होते. आमच्या कागदावर मात्र साठ हजारांहून अधिक ठिपके बसतात. येथे जिंकतो तो आकार, यंत्राची किंमत नव्हे.

डिजिटलला आणखी एक खोड आहे. एरवी न दिसणारी धूळ इतक्या लहान छिद्राच्या प्रकाशात काळे डाग होऊन उमटते. कागद दर खेपेस नवा असतो. उलट, फिल्मला लांब वेळ दिला तर ती हळूहळू मंदावते, म्हणून हिशेबापेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो. डिजिटलला ही अडचण नाही. फक्त वैशाखाच्या उन्हात तापला की चित्रात दाणे दिसू लागतात.

खरा फरक वेळेचा. कागदाला कडक उन्हातही सुमारे अर्धा मिनिट लागतो. आजी ओटीच्या पायरीवर निश्चल बसल्या. अंगणात नातवंडे धावत होती. डिजिटल कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवून तेच चित्र सेकंदाच्या तिसाव्या भागात घेतले, आणि लगेच पाहिलेही. कागदाचे तसे नाही. संध्याकाळी पेणला न्हाणीघरात लाल दिव्याखाली पहिला कागद धुतला, तेव्हा उन्हाने डब्याची चिकटपट्टी सुटून आत प्रकाश शिरल्याचे कळले. चूक आमचीच. दुसऱ्या डब्यातला कागद निघाला म्हणून निभावले! (वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, तो शेतात वा खाडीत ओतू नये.)

पुढच्या आठवड्यात दोन्ही चित्रे घेऊन गेलो. घर पुरे चौकटीत बसवल्यामुळे डिजिटल चित्रात आजींचा चेहरा जेमतेम तीन ठिपके रुंद होता, कागदावर सहा. त्यांनी कागद हाती घेतला, कौले, ओटी, तुळशीवृंदावन बोटाने चाचपले आणि विचारले, "अंगणात पोरं होती ना? ती कुठं गेली?"

धावत होती म्हणून उमटली नाहीत, असे आम्ही सांगितले आणि दुसरे चित्र पुढे केले. त्यात पोरे होती. आजींनी दोन्ही ठेवून घेतली.