काखेत कळसा : बिनतारी नियंत्रणातील व्यत्यय आणि त्याचा शोध

पावसाळ्यात दूर कुठे वीज चमकली की रेडिओवर खरखर उमटते. ऐकणाऱ्याची गाण्याची एखादी ओळ बुडते, एवढेच. परंतु ज्या यंत्राला रेडिओलहरींवरूनच 'डावीकडे वळ', 'खाली ये' अशा आज्ञा मिळतात, त्याच्या वाटेत असा व्यत्यय आला तर? बुडालेली एक आज्ञाही तेथे महागात पडते. म्हणून छंदाची विमाने, नावा आणि अलीकडचे ड्रोन चालविणाऱ्यांना व्यत्यय ओळखण्याचे शास्त्र अवगत असावे लागते. हे शास्त्र वाटते तितके अवघड नाही, आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यानेही त्याला बिचकण्याचे कारण नाही.

दुरून यंत्र हलविण्याची कल्पना जुनी आहे. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात विद्युतलहरींच्या साह्याने दूरची घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू पेटविली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कला एक लहानशी नाव तारेविना चालवून दाखविली. तेव्हापासून मांडणी तीच आहे. हातात ट्रान्समीटर, यंत्रात रिसीव्हर आणि दोहोंमध्ये फक्त लहरी.

पूर्वी खेळण्यांत आणि छंदाच्या यंत्रांत २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरीत. एकाच मैदानावर दोघांचे ट्रान्समीटर एकाच लहरीवर सुरू झाले की एकाची आज्ञा दुसऱ्याचे विमान पाळी! यावर परदेशातील मंडळांनी साधा उपाय काढला. मैदानावरच्या फळीला प्रत्येक लहरीचा एक चिमटा लावलेला असे. तो चिमटा ज्याच्या हाती, त्यानेच त्या लहरीवर यंत्र चालवावे.

आता बहुतेक यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा परवान्यातून मुक्त झाला. त्यात वाय-फायचीही वर्दळ असते. तरीही यंत्रे चालतात, कारण ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ठरलेल्या क्रमाने सेकंदात अनेकदा लहर बदलतात. एका लहरीवर गोंगाट असला तरी पुढची मोकळी सापडते. लहरी बदलत जाण्याच्या अशाच एका युक्तीचे पेटंट १९४२ मध्ये हेडी लामार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना मिळाले. शत्रूने टॉर्पेडो भरकटवू नये हा त्यांचा हेतू होता, आणि त्यांच्या योजनेत पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ लहरी होत्या. कलावंतांचे विज्ञानाशी वाकडे असते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इतकी सोय असूनही यंत्र मध्येच अडखळले की आपण म्हणतो, "मोबाइलच्या टॉवरमुळे झाले असणार." टॉवर कधीच दोषी नसतो असे नाही, पण पुष्कळदा हा काखेत कळसा आणि गावाला वळसा असा प्रकार असतो. म्हणून तपास घरापासून सुरू करावा.

पहिला संशयित बॅटरी. शेतातला मोटारपंप सुरू होताच घरातला दिवा क्षणभर मंदावतो, हे आपण पाहतोच. यंत्रातील सर्व मोटरी एकदम जोर करू लागल्या की तसाच विजेचा दाब घसरतो, रिसीव्हर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होईपर्यंत बहिरा राहतो. बिघाड उड्डाणाच्या अखेरीस किंवा जोराच्या वळणावर होत असेल, तर लहरींना दोष देण्याआधी बॅटरी आणि तारांचे सांधे तपासावेत.

दुसरा संशयित एरियल. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. म्हणून रिसीव्हरच्या एरियलचे उघडे टोक तिच्या चतुर्थांशाएवढे, सुमारे ३१ मिलिमीटर असते. ते तुटले, दुमडले किंवा धातूच्या अथवा कार्बनतंतूंच्या भागाआड गेले की ऐकणे मंदावते. दोन एरियल असल्यास ती एकमेकींशी काटकोनात ठेवावीत. ट्रान्समीटरच्या एरियलचे टोक यंत्राकडे रोखू नये. त्या दिशेला लहरी सर्वांत क्षीण असतात.

तिसरा संशयित मोटर. ब्रश असलेल्या मोटरीत सतत बारीक ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे छोटीशी वीजच! जुन्या पद्धतीच्या रिसीव्हरला त्यांचा फार त्रास होतो. मोटरीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास तो कमी होतो. रिसीव्हर मोटरीपासून शक्य तितका दूर ठेवावा.

बाहेरच्या कारणांकडे यानंतर वळावे. ओली झाडी आणि चालविणाऱ्याचे स्वतःचे शरीरसुद्धा या लहरी अडविते.

तपासाची रीत अशी. यंत्र जमिनीवर घट्ट बांधून ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवावा आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, बहुधा तीसेक पावलांवर, उभे राहावे. आधी मोटर बंद ठेवून, मग चालू करून आज्ञा द्याव्यात. मोटर चालू होताच बिघाड दिसला, तर चोर घरातच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. शेवटी, संदेश तुटल्यास यंत्राने काय करावे हे आधीच ठरवून, ट्रान्समीटर बंद करून त्याची खात्री करून घ्यावी.

हा सारा खटाटोप केवळ छंदापुरता आहे काय? २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली. सुमारे वीस जण प्राणास मुकले. आज विष माणसाच्या पाठीवरून उतरवून ड्रोनवर चढविण्याचे प्रयत्न होत आहेत. उद्या बोरी अरबच्या शिवारात असा ड्रोन फिरताना संदेश तुटला, तर ते विष शेजारच्या विहिरीवर किंवा निंदणाऱ्या बायांवर पडू शकते. त्या वेळी टॉवरला बोल लावणारा नव्हे, उड्डाणाआधी तीस पावले चालून खात्री करून घेणारा माणूस आपल्या गावांना हवा आहे. तो आपल्यातूनच तयार व्हावा.