विदर्भ म्हणजे रखरखाट? आधी गोंदियाचा पाऊस मोजा

सुट्टीत गोंदियाकडे या, असं पुण्या-मुंबईच्या कुणाला म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘विदर्भात? तिकडे काय बघायचं? नुसता रखरखाट!’ हे वाक्य इतक्या जणांकडून, इतक्या ठाम सुरात ऐकलंय की आता त्याचा राग येतो. कारण हे म्हणणारी बरीच माणसं हिरवळ आणि पाणी बघायला केरळात जाऊन आलेली असतात. तिथल्या भातशेतीचे आणि बॅकवॉटरचे फोटो ती कौतुकाने दाखवतात. आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल यांनी भरलेला एक अख्खा जिल्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

तेव्हा आधी पाऊस. हवामान खात्याच्या सरासरीनुसार गोंदिया जिल्ह्यात नुसत्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत १२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुणे शहराची वर्षभराची सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे ज्या शहरात बसून आपण गोंदियाला रखरखीत ठरवतो, त्या शहरापेक्षा इथे दीडपटीहून जास्त पाणी पडतं.

हे लोकांना पटत नाही, कारण शाळेत शिकलेला महाराष्ट्राचा पाऊस सह्याद्रीपाशीच संपतो. अरबी समुद्रावरून वारे येतात, घाटावर कोसळतात, पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश. इथवर सगळं बरोबर आहे. पण पर्जन्यछाया नगर, सोलापूर, मराठवाड्यापर्यंतची. तिथून पूर्वेकडे जाऊ लागलं की पाऊस पुन्हा वाढत जातो, आणि तो बंगालच्या उपसागराच्या कृपेने. तिथे तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून पश्चिमेकडे सरकतात आणि त्यांच्या वाटेवर पूर्व विदर्भ येतो. इथल्या शेतकऱ्याला जुलै-ऑगस्टमध्ये उपसागरात कमी दाब झाल्याची बातमी कळली की रोवणीला हुरूप येतो.

गैरसमजाचं दुसरं मूळ म्हणजे ‘विदर्भ’ हा एकच शिक्का. वर्षानुवर्षं बातम्यांतून जो विदर्भ दिसला तो यवतमाळ, अमरावती, बुलढाण्याचा: काळी माती, कापूस, कोरडवाहू शेती, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. ते दुःख खरं आहे आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. पण वैनगंगेच्या पूर्वेला माती बदलते, पीक बदलतं, बोली बदलते, जेवणही बदलतं. ही झाडीपट्टी. इथलं मुख्य पीक धान, आणि गोंदिया शहराची ओळख तांदळाच्या गिरण्यांची. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहून जास्त भूभागावर वनाच्छादन आहे. राज्याचं हे प्रमाण साधारण साडेसोळा टक्के आहे. राज्याच्या दुप्पट प्रमाणात जंगल असलेल्या जिल्ह्याला रखरखीत म्हणायचं असेल, तर मग हिरवं म्हणायचं तरी कशाला?

आता तलाव. उरलेल्या महाराष्ट्राहून गोंदिया वेगळा दिसतो तो यांच्यामुळे. राज्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर बसला आहे. हा थर नागपूरच्या आसपास संपतो आणि गोंदियात त्याहून कितीतरी पुरातन, कठीण खडक लागतो. या खडकात पाणी फार मुरत नाही. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत येऊन वाहून जाणार. धान तर पाण्यात उभं राहणारं पीक. मग पाणी अडवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी ते काम केलं. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, जास्तीचं पाणी सोडायला सलंग ठेवायची, एका तलावाचं पाणी खालच्या तलावात जाईल अशी रचना करायची. पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत. १९५१मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव हे नाव चिकटलं. शेताशेतांतल्या लहान बोड्या, म्हणजे तळी, त्या सहा-सात हजारांत धरलेल्या नाहीत.

या मामा तलावांतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. पाणी सुमारे ११ चौरस किलोमीटरवर पसरलेलं, भोवती सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या. काठावर उभं राहिलं की हे माणसाने, तेही यंत्रांशिवाय, घडवलं आहे हे खरं वाटत नाही. तरीही ‘बघण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांनी नवेगावचं नाव ऐकलेलं असतं, कारण मारुती चितमपल्ली यांची पुस्तकं त्यांच्या घरात असतात. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले, याच पाण्यावरचे पक्षी त्यांनी मराठी वाचकाला दाखवले. पुस्तकातलं नवेगाव लोकांना परक्या मुलखातलं वाटतं की काय, कळत नाही. ते याच जिल्ह्यात आहे आणि तिथे एसटीने जाता येतं.

या सगळ्या गैरसमजाच्या तळाशी आणखी एक जुनी सवय आहे. निसर्गरम्य म्हणजे थंड हवेचं ठिकाण, हे समीकरण आपण इंग्रजांकडून घेतलं. उन्हाळ्यात साहेबाला मैदानात राहवेना, म्हणून १८२०च्या दशकाअखेरीस गव्हर्नर माल्कमच्या काळात महाबळेश्वर वसलं आणि १८५०मध्ये मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याने माथेरान हेरलं. ती ठिकाणं सुंदर आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यांची निवड उन्हापासून पळण्यासाठी झाली होती. आपण मात्र तीच पट्टी साऱ्या देशाला लावतो. डोंगर नाही, दरी नाही, पॉइंट नाही, म्हणजे ठिकाण नाही. मग विदर्भातलं एकटं चिखलदरा पास होतं आणि तलावांचा अख्खा प्रदेश नापास.

त्यात शाळांच्या सुट्ट्या मे महिन्यात. मेमध्ये गोंदियात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हे कुणीही नाकारत नाही. त्या महिन्यात कुटुंब घेऊन इथे या, असं मीही सांगणार नाही. पण एका महिन्यावरून वर्षाचा निकाल लावायचा नसतो. देशात कुठेही जायचं असो, आधी महिना ठरवावा आणि मग ठिकाण. गोंदियाचं गणित असं: जुलैत रोवणी चालू असते, बांध्यांत पाणी आणि पऱ्ह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा, पोपटी रंग. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तलाव भरतात, सालेकसा तालुक्यातला हाजरा धबधबा जोरात असतो. मात्र या काळात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटनासाठी बंद असतो. तो साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. धबधबा आणि जंगल दोन्ही एका फेरीत हवं असेल त्याने ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गाठावा. दिवाळीनंतर धान कापणीला येतं, गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. ती रात्रभर चालतात, अंगावर चादर घेऊन बसावं लागतं. कारण ‘विदर्भात बाराही महिने भट्टी’ हाही गैरसमजच आहे. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान पुष्कळदा गोंदियातच नोंदवलं जातं आणि ते दहा अंशांच्या बऱ्याच खाली असतं.

हिवाळ्यात तलावांवर पाहुणे उतरतात: तलवार बदक, चक्रवाक, पट्टकादंब. पट्टकादंब हिमालय ओलांडून, तिबेट-मंगोलियाकडून येतात. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात १९७२पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहतही आहे. एकाच तालुक्यात कोहळ्यांचा तलाव, गोंडांचा मुलूख आणि तिबेटी प्रार्थनाध्वज. असं ठिकाण राज्यात दुसरं दाखवा.

‘तिकडे नक्षलवादी असतात.’ हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण तो पोकळ नाही. जिल्ह्याचा पूर्व भाग, विशेषतः सालेकसा आणि देवरी तालुके, छत्तीसगड-मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहे. तिथे हिंसा झाली आहे, आणि केंद्रीय गृहमंत्रालयाच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत गोंदियाचं नाव अनेक वर्षं होतं. पण यादीत नाव असणं म्हणजे प्रवेशबंदी नव्हे. याच सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या कचारगडावर दर माघी पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड भाविक लाखोंनी येतात, लेकराबाळांसह. भीती आणि बेफिकिरी दोन्ही टाळायची असेल तर साधा नियम आहे: सीमेलगतच्या जंगलात आडवाटेला शिरण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाकडे विचारावं आणि अंधारापूर्वी मुक्कामी परतावं. नवेगाव, नागझिऱ्याचं जंगल, बोदलकसा तलाव इथे जाणाऱ्याला या धास्तीने घरी बसण्याचं कारण नाही.

कचारगडाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तिथल्या प्रचंड नैसर्गिक गुहांना ‘ट्रेकिंग स्पॉट’ म्हणणं चूक आहे. गोंड धर्माचे प्रवर्तक मानले जाणारे पहांदी पारी कुपार लिंगो यांच्याशी जोडलेलं ते गोंडांचं श्रद्धास्थान आहे. देवळात जसं वागतो तसंच तिथे वागावं. दारूच्या बाटल्या आणि स्पीकर घेऊन जाणाऱ्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

‘वाघ दिसला नाही, पैसे वाया गेले’ हा असाच संताप आणणारा गैरसमज. नागझिरा १९७०मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव १९७५मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३मध्ये शेजारचं जंगल जोडून नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. इथे वाघ ताडोबाच्या तुलनेत कमी आहेत, हे वनविभाग लपवत नाही. म्हणून तर मे २०२३मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. पण या जंगलाचं काम मोठं आहे. ताडोबा, पेंच, कान्हा यांच्यामध्ये वाघांची ये-जा याच जंगलातून होते. गाजलेला जय वाघ नागझिऱ्यातच जन्मला आणि पायी उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. जिप्सीचालकाच्या मागे ‘वाघ दाखवा’ म्हणून लागण्याऐवजी गाडी बंद करून बसलं, तर रानकुत्र्यांचा कळप, गवे, अस्वल, सांबर दिसण्याची शक्यता चांगली असते. रानकुत्र्यांसाठी नागझिऱ्याचं नाव अभ्यासकांत फार पूर्वीपासून घेतलं जातं.

सारस बघायला अभयारण्याचं तिकीट काढावं लागतं, असंही अनेकांना वाटतं. साफ चूक. माणसाएवढा उंच हा पक्षी शेतकऱ्याच्या धानात, तलावाच्या काठाला राहतो आणि पावसाळ्यात तिथेच घरटं करतो. महाराष्ट्रात तो आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे आणि संख्या मोजक्या डझनांत आहे. विजेच्या तारा आणि कीटकनाशकं त्याच्या जिवावर उठली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली, इतकी परिस्थिती गंभीर आहे. म्हणून फोटोसाठी बांधीत उतरू नये, घरट्यावर ड्रोन तर मुळीच नेऊ नये. धुऱ्यावरून, दुर्बिणीतून, शेतमालकाला विचारून बघावं. घरटं जपण्यासाठी पिकाचं नुकसान सोसणारे शेतकरी इथे आहेत, त्यांचा तेवढा मान राखायला हवा.

उरलेले गैरसमज थोडक्यात. हाजरा बारमाही नाही, एप्रिलमध्ये जाऊन निराश होऊ नये. त्याच्या डोहात पोहणं धोक्याचं आहे, खोली वरून कळत नाही. इथे राहायची सोयच नाही, हेही खरं नाही: तिरोडा तालुक्यात बोदलकसा तलावाकाठी पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, जंगलाच्या दारांजवळ लहान निवासं आहेत, आणि गोंदिया शहरात हॉटेलं आहेत. मात्र पंचतारांकित थाट हवा असेल तर तो मिळणार नाही. मुक्काम आणि सफारी दोन्ही आधी आरक्षित करावी. गेटवर जाऊन बघू म्हणणारे बरेचदा परत फिरतात.

आणि ‘फार लांब, गाडीच नाही’ हे तर रेल्वेचं वेळापत्रक न उघडता केलेलं विधान. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गोंदियाला पोचवते. कोल्हापूर, सातारा, पुणेकरांसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. दोन्ही गाड्यांचं शेवटचं स्थानक गोंदियाच आहे. तिथून नवेगावबांध रस्त्याने साधारण ६५ किलोमीटर, आणि हाजरा, कचारगडसाठी हावड्याच्या मुख्य मार्गावरचं दरेकसा स्थानक.