औषधानंतरचे दोन दिवस

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घरी मांजर आहे? कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शाळेत हा प्रश्न विचारला, की पुष्कळ हात वर होतात. हा भाग भातशेतीचा. कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताच्या ज्या जाती तयार केल्या, त्या 'कर्जत' याच नावाने ओळखल्या जातात. घरात भात आला, की उंदीर येतात. उंदीर आले, की मांजर हवेच! शिवाय मांजराची माया आपल्याला नवी नाही. हजरत अबू हुरैरा यांचे हे नाव मांजराच्या पिल्लावरूनच पडले, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

आपल्याकडे पावसाळा मोठा असतो. हवा उबदार आणि दमट राहते. अशी हवा पिसवांना मानवते. पिसवा मांजराचे रक्त पितात. मांजर सारखे अंग खाजवते, चाटते. चाटताना एखादी पिसू त्याच्या पोटात जाते आणि तिच्यातून पट्टकृमी नावाचा जंत शिरतो. मग मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे तुकडे दिसतात. लहान पिल्लांना तर आईच्या दुधातूनही गोल जंत होतात. म्हणून पिसवा आणि जंत या दोहोंवर औषध करावे लागते.

पण औषध कोणते? येथेच पुष्कळांची चूक होते. एक प्रसंग सांगते. माझ्या वर्गातील एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. मी कारण विचारले. तो म्हणाला, "बाई, भाईजानने दुकानातून पिसवांचे औषध आणले. ते कुत्र्याचे होते. आम्हांला वाटले, कुत्र्याला चालते, तर मांजरालाही चालेल." काही तासांतच मांजराच्या तोंडातून लाळ गळू लागली. त्याचे अंग थरथरू लागले. घरच्यांनी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. वेळेवर नेले, म्हणून ते वाचले.

असे का झाले? कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचे द्रव्य असते. कुत्र्याचे शरीर ते पचवून बाहेर टाकते. मांजराच्या यकृताला ते जमत नाही. जे कुत्र्याला औषध, तेच मांजराला विष! म्हणून औषध पशुवैद्याला विचारूनच आणावे. मांजराचे वय आणि वजनही त्यांना सांगावे. वजन करणे सोपे आहे. आधी मांजराला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

पिसवांचे थेंबाचे औषध लहान नळीत मिळते. ते मोठ्या माणसांनीच लावावे. मानेच्या मागे, डोक्याच्या जवळ, केस बाजूला करून थेंब थेट कातडीवर सोडतात. तेथे मांजराची जीभ पोहोचत नाही, म्हणून ही जागा निवडतात. औषध शक्यतो संध्याकाळी लावावे. रात्रभर ते वाळते.

आता खरी काळजी सुरू होते. पुढचे नियम लक्षात ठेवा.

औषध वाळेपर्यंत मांजराला हात लावू नका. त्या रात्री त्याला आपल्या अंथरुणात घेऊ नका. लहान भावंडांना दूर ठेवा, कारण ती तोंडात हात घालतात. चुकून हात लागलाच, तर साबणाने धुवा.

घरात दोन मांजरे असतील, तर त्यांना वेगळे ठेवा. नाहीतर ती एकमेकांना चाटतील.

काही औषधांतील द्रव लवकर पेट घेतो. म्हणून ओल्या औषधाचे मांजर चुलीजवळ किंवा शेगडीजवळ बसू देऊ नका.

निदान ४८ तास मांजराला अंघोळ घालू नका. पावसात भिजू देऊ नका.

रिकामी नळी ओढ्यात किंवा नदीत टाकू नका. ही औषधे मासे आणि पाण्यातील किडे मारू शकतात. आपली उल्हास आणि पाताळगंगा पुढे किती गावांना पाणी देतात!

जंतांचे औषध दिल्यावर विष्ठेतून जंत पडू शकतात. घाबरू नका. विष्ठा रोज उचला आणि हात धुवा. विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीवही पसरू शकतो. जंतांच्या औषधाने तो मरत नाही. मात्र बाहेर पडल्यावर रोग पसरवण्याजोगा होण्यास त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून रोजची सफाई हाच चांगला उपाय. घरात गरोदर बाई असेल, तर तिने हे काम करू नये.

दुसऱ्या दिवशी पिसू दिसली, तर लगेच पुन्हा औषध लावू नका. पिसवांची अंडी आणि कोश गोधडीत, सतरंजीत, जमिनीच्या फटींत पडलेले असतात. त्यांतून नव्या पिसवा निघत राहतात. अंथरूण गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, कोपरे झाडून काढा.

औषधानंतर मांजर थोडे झोपाळू दिसेल किंवा ती जागा खाजवेल. पण लाळ गळणे, थरथर, झटके किंवा सतत उलट्या दिसल्या, तर वाट पाहू नका. औषधाचे खोके सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

त्या मुलाचे मांजर आज म्हातारे झाले आहे. तो अजून त्याला औषध लावतो. पण लावल्यावर आधी हात धुतो आणि मग दोन दिवस लांबूनच त्याच्याशी बोलतो. मुलांनो, मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याला कुरवाळणे ही माया आहेच. पण त्याच्या भल्यासाठी दोन दिवस हात आवरणे, हीसुद्धा मायाच आहे.

शब्दार्थ
दमट – ओलसर
यकृत – जिगर
विष्ठा – मल
मानवणे – सोसणे, अनुकूल असणे

स्वाध्याय
१. थेंबाचे औषध मानेच्या मागेच का लावतात?
२. कुत्र्याचे औषध मांजराला का चालत नाही?
३. 'हात आवरणे' या वाक्प्रचाराचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या पाळीव प्राण्याची काळजी कशी घेतात, ते पाच वाक्यांत लिहा.