पित्तनळीतला खडा आणि औषधे

आपल्या उजव्या बरगडीखाली यकृत असते. तिथे पित्तरस तयार होतो. तो एका बारीक नळीतून आतड्यात उतरतो आणि तेलातुपाचे अन्न पचवतो. पाटात दगड अडकला की पाणी तुंबते. तसाच या नळीत खडा अडकला की पित्त तुंबते. पोटात कळा येतात. डोळे पिवळे होतात. लघवी गडद होते. अंगाला खाज सुटते.

लोक म्हणतात, कावीळ झाली, माळ घाला. पण माळेने खडा निघत नाही. दवाखान्यात तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून तो बहुधा काढता येतो.

घरी रोग्याची सेवा करताना आपण एवढे सांभाळू या :

१. आधी कोणते औषध सोसले नव्हते, ते डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही सांगावे.

२. पित्त आतड्यात उतरले नाही, तर ‘के’ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. मग रक्त लवकर गोठत नाही. त्यासाठी डॉक्टर सुई टोचतात. हिरड्यांतून रक्त आले, तर लगेच कळवावे.

३. जंतू मारणारी औषधे ठरल्या वेळी, ठरले तितके दिवस द्यावीत. बरे वाटले म्हणून मधेच सोडू नयेत.

४. दुखण्याची गोळी आपल्या मनाने देऊ नये. कळ दबते, खडा तिथेच राहतो.

आणि कावीळ असताना थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नये. नळीत जंतू वाढले, की जिवावर बेतते. महाराष्ट्रात १०८ नंबर फिरवला, की रुग्णवाहिका येते. रात्र असली तरी दवाखाना गाठावा.